दारापुढच्या एका जागेसाठी दोन हंबरडे

आदरणीय वडील मेहुणे तोरोगेल्दी बाइके यांस,
बिश्केकहून आपल्या घरच्या जावईपोराचा सविनय सलाम. (पोर सत्तरीला टेकले आहे, परंतु सासरच्या लेखी जावई शेवटपर्यंत पोरच असतो, हे मी फार पूर्वीच मान्य करून टाकले आहे.)

गुरे सुखरूप आहेत ना? माणसे सुखरूप आहेत ना? प्रश्न या क्रमाने विचारण्याचे कारण आपल्याला सांगायला नको. गुरे धड असली की माणसे धडच असतात. उलट विधान मात्र सिद्ध करता येत नाही. कुरणावरून उतरताना खिंडीत बर्फाने गाठले नसेल, भुऱ्या घोडीचा खूर भरून आला असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि आपल्या स्वभावातली ती डोंगरासारखी स्वस्थता, जिच्यापुढे मी लग्नाच्या दिवसापासून दबून आहे, ती जशीच्या तशी असेल, अशी आशा करतो. इकडे मी ठीक. अनिपाही ठीक. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती दोन काठ्यांवर चालते. आपल्या बहिणीला काठी टेकण्यापेक्षा उगारणे अधिक सहज जमते, हे आपण बालपणापासून अनुभवले असेलच. तरी वैद्याच्या आज्ञेने सध्या ती टेकते.

आता मूळ विषयाकडे वळतो. विषय म्हटला तर क्षुद्र आहे: इमारतीच्या दारापुढे गाडी कोणी लावावी. परंतु क्षुद्र विषयावरूनच माणसांची पारख होते, मोठ्या विषयांवर सर्वांचे मत वर्तमानपत्रासारखेच असते. शिवाय या प्रकरणात मला एका व्यक्तीच्या बुद्धीचे असे दर्शन घडले की, मी, ज्याने उभ्या आयुष्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर ‘उत्तम’ हा शब्द फार जपून लिहिला, तो आज हे लांबलचक पत्र केवळ कौतुकापोटी लिहावयास बसलो आहे.

आमचे आवार आपण पाहिले आहे. दुसऱ्या जिन्याच्या दारापुढे कारागाचचे एक झाड आणि त्याखाली गाडीच्या दोन जागा. एक माझी, एक तिसऱ्या मजल्यावरील इशेनकुलची. इशेनकुल म्हणजे तोच दातांचा डॉक्टर, ज्याने आपली दाढ काढली होती आणि ती आपल्याला कागदात बांधून भेट दिली होती. वीस-बावीस वर्षे आमच्या गाड्या त्या झाडाखाली शेजारी उभ्या राहत आणि आम्ही गाड्यांच्या पुढ्यात बाकावर बसून तोगुझ-कोरगोलचा पाट मांडत असू. (पाटावरचे खडे तो जिंके. त्याची पद्धत अशास्त्रीय होती, तरीही तो जिंके.) अनिपा आणि त्याची पत्नी झूरा यांचे तर असे होते की, एकीने चहात मीठ घातले की दुसरीला खारट लागे. मग गेल्या वसंतात गरम पाण्याच्या नळासाठी कोणीतरी दारापुढे चर खणला, नळ टाकला, आणि चर बुजवण्याचा भाग पुढच्या पिढीवर सोपवून निघून गेले. दोन जागांपैकी एक चराने खाल्ली. उरली एक. त्याच सुमारास अनिपाचा खुबा बदलावा लागला, आणि चर ओलांडून, आवाराच्या टोकापासून, दोन काठ्यांवर तिने दारापर्यंत यायचे म्हणजे काय, हे आपण कल्पनेने पाहू शकता. हिवाळ्यात तिथे बर्फाचा आरसा होतो. ती जागा मिळाली तर आपली बहीण घराबाहेर पडणार होती. न मिळाली तर चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून उन्हाळ्याची वाट पाहणार होती. सगळे प्रकरण एवढ्याचसाठी होते, हे कृपया वाचताना विसरू नये, कारण आम्ही सर्वजण मधल्या काळात ते विसरलो होतो.

कोणी सामान्य माणूस असता, तर तिसऱ्या मजल्यावर जाऊन म्हणाला असता, “इशेनकुल, जागा दे रे, अनिपाला चालवत नाही.” मी सामान्य नाही. मी पस्तीस वर्षे विद्यापीठात दोत्सेंत म्हणून वर्णनात्मक भूमिती शिकवली आहे. मी आवार मोजले, त्याचा तीन रंगांतला नकाशा काढला, प्रत्येक गाडीच्या वळणाची त्रिज्या दाखवली, आणि खाली निवेदन जोडून तो जिन्याच्या दारावर लावला. नकाशा निर्दोष होता. (आजही आहे, इच्छा असल्यास प्रत पाठवीन.) निवेदनात मात्र, ‘गाडी थांबवण्याची जागा’ यासाठीच्या आपल्या किर्गीझ शब्दांत, एक दीर्घ उकार ऱ्हस्व पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उकाराभोवती लाल शाईचे वर्तुळ होते, आणि वर्तुळाशेजारी इशेनकुलच्या अक्षरात ‘उघडा हो तोंड, डॉक्टर तपासतील’ असे लिहिले होते. बाइके, माणूस जागा सोडून देऊ शकतो. उकार सोडून देऊ शकत नाही.

जिन्यातच गाठ पडली. तो म्हणाला, “केनेश, नकाशात माझं झाड कुठाय?” झाड त्याने लावले आहे, हे खरे; रोप त्याने सासुरवाडीहून ओल्या फडक्यात आणले होते. मी सांगितले की नकाशात झाड ‘अडथळे’ या सदरात आहे. “अडथळा?” तो ओरडला. “अरे, त्या अडथळ्याच्या सावलीत बसून बावीस वर्षं हरलास तू माझ्याकडून!” मी म्हणालो की सावलीचा आणि मालकीचा संबंध जोडणारे प्रमेय माझ्या वाचनात नाही. तो म्हणाला, “तुझ्या वाचनात माणसंच नाहीत रे, दोत्सेंत!” त्या संध्याकाळी जागेवर ट्रकचे एक जुने टायर येऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी टायरच्या पुढे खांब रोवून साखळी लावली. त्याने साखळीला आपले दुसरे कुलूप घातले. आता जागा कोणालाच वापरता येईना, ज्यामुळे दोघांचेही समाधान झाले. झूरा वर येईनाशी झाली. अनिपा चहात मीठ घालायची विसरू लागली, आणि मी कारण विचारले तर म्हणे, “कोणाला खारट लागायचंय आता?” यावर मी नकाशाची सुधारित आवृत्ती काढली.

येथे उपोल आपांचा प्रवेश होतो.

उपोल आपा तळमजल्यावर राहतात. न्यायाधीश होत्या, उभा जन्म घटस्फोटांच्या निकालांत गेला. त्यांच्याइतका स्वच्छ विचार करणारी व्यक्ती मी विद्यापीठातही पाहिली नाही, आणि विद्यापीठात मी माणसे शोधूनच पाहिली. त्या बोलतात कमी, आणि बोलतात ते वाक्य कर्ता, कर्म, क्रियापदासह पूर्ण असते. (आजकाल हे दुर्मीळ आहे.) आवारातल्या स्त्रिया त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “मी जन्मभर कपाटांची वाटणी केली. नवरा म्हणतो माझं, बायको म्हणते माझं. कपाट कुणालाच नको असतं, बयांनो. दुसऱ्यानं एकदा म्हणायला हवं असतं, की तुझं आहे. पण ते म्हणवून घ्यायचं कलम कायद्यात नाही.” एवढे बोलून त्यांनी दार लावून घेतले, आणि स्त्रिया हात हलवत परत आल्या. मला त्या वेळी हे टाळाटाळ वाटले. मी घाईने मत बनवले होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आवाराने पडदे बाजूला सारले तर दारापुढे, नेमक्या त्या जागेवर, बोझ-उय उभी: कुरणावरचा गोल, नमद्यांचा तंबू, शहरात. जाळ्यांच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, वासे छताच्या कड्यात बसले होते, आणि कोचकोर खोऱ्याकडची दोन-तीन धिप्पाड पोरे वरून नमदे ओढत होती. एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा होता. टायर आणि खांब कोणी हलवलेच नव्हते; घर त्यांच्याभोवती उभारले होते. कुलपे तशीच, साखळी तशीच, टायरवर रजई अंथरून त्याचे बैठकीचे आसन केलेले, आणि त्या आसनावर, दाराच्या समोर, मानाच्या जागी, उपोल आपा बसलेल्या. काळा पोशाख, पांढरा रुमाल. (त्या रोजच काळा पोशाख आणि पांढरा रुमाल घालतात. पण हे कोणाला आठवते अशा वेळी!)

शहरातल्या इमारतीपुढे, ना ईद ना लग्न, अशी अचानक सकाळी बोझ-उय उभी राहिली की त्याचा अर्थ एकच. आणि कोण गेले, हे विचारायचे नसते. विचारणारा म्हणजे शेजारी असून बेखबर राहिलेला. त्यापेक्षा न विचारता रडलेले बरे. त्यामुळे आमच्या आवारात जे घडले ते इतर कुठल्या राष्ट्रात घडले नसते. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या. घराघरांतून पीठ, साखर, चहा खाली येऊ लागला. पहिल्या जिन्यात बोरसोक तळायची कढई चढली. तळणारीला कोणासाठी तळत आहोत हे ठाऊक नव्हते, तरी ती डोळे पुसत तळत होती. ज्यांच्या गाड्या जवळपास उभ्या होत्या त्यांनी, जन्मात प्रथमच, कोणी न सांगता, हॉर्न न वाजवता, त्या लांब नेऊन लावल्या. माझ्या तीन रंगांच्या नकाशाने जे सहा महिन्यांत साधले नाही, ते एका नमद्याने न्याहारीपूर्वी साधले.

मग अनुमाने सुरू झाली. माझी गाडी आदल्या दिवसापासून दुरुस्तीला गेली होती आणि मी पित्तामुळे घराबाहेर पडलो नव्हतो. वर अनिपा खिडकीत डोळ्यांना रुमाल लावून बसलेली, आणि तिचे खांदे हलत होते. यावरून आवाराच्या अर्ध्या भागाने ताडले की दोत्सेंत गेले. उरलेल्या अर्ध्या भागाचा पुरावा वेगळा होता: इशेनकुल रात्री घरी आलेला कोणी पाहिला नव्हता, आणि झूरा भल्या पहाटेपासून बोझ-उयमध्ये बसून घळाघळा रडत होती. (आत अर्चाच्या फांद्यांचा धूर केलेला होता. त्या धुरात दगडालाही पाझर फुटेल. हे नंतर कळले.) दोन्ही पक्ष एकमेकांना धरून कुजबुजत होते. “डॉक्टर इतके चांगले, हिरडीला हातसुद्धा लागू द्यायचे नाहीत!” “डॉक्टर? अगं, दोत्सेंत ना?” “दोत्सेंतही? अरे देवा, दोघंही?” “एकमेकांना मारलं की काय?” “श्श! मेलेल्यांबद्दल असं बोलतात का!”

या सगळ्यात एकटा पेत्रोविच, आमचा तळमजल्याचा रशियन शेजारी, हातात टोपी आणि काखेत बाटली घेऊन उभा होता आणि सरळ विचारत होता, “पण मेलं कोण?” त्याला चौघांनी मिळून गप्प केले. “अरे, असं विचारू नये!” “मग रडायचं कोणासाठी?” “आधी रडायचं, पेत्रोविच. नाव मागाहून कळतं.” तो बिचारा डोके हलवत म्हणाला, “आमच्यात आधी नाव कळतं,” आणि एका कडेला जाऊन, नाव कळेपर्यंत, तत्त्वतः दुःखी होऊन थांबला.

माझ्याबद्दल म्हणाल तर मी खिडकीशी जाऊन एकदा खाली पाहिले. अनिपाला विचारले, “कोण?” ती रुमालातून म्हणाली, “कोट घाल. काळा.” मी काळा कोट चढवला, डोक्यावर कलपाक घातली, आणि जिना उतरलो. आता आमच्या दारातून बोझ-उय दोन पावलांवर. आणि हंबरड्याला अंतर लागते, दोन पावलांत माणसाला धड सूरही सापडत नाही. म्हणून मी मागच्या दाराने निघालो, इमारतीला वळसा घातला, कोपऱ्यावर आल्यावर रीतीप्रमाणे दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान खाली घातली आणि आवाज सोडला. बाइके, आपण माझा आवाज ऐकलेला नाही. मीही ऐकला नव्हता.

“कुठं गेलास रे इशेनकुल, माझ्या भावा, माझ्या डोंगरा! आता पाटावर मला हरवणार कोण! झाड तुझं होतं रे, सावली तुझी होती! जागाही तुझीच होती, मी मेला रेघा मारत बसलो! एकदा, एकदा मागून पाहायला हवी होती रे!”

मान खाली असल्याने समोरचे दिसत नाही, हे आपल्याला सांगायला नको. त्यामुळे त्याच वेळी आवाराच्या दुसऱ्या टोकाकडून, फाटकाच्या बाजूने, दुसरा हंबरडा येत होता तो मला ऐकू आला, दिसला मात्र नाही. रात्रपाळीच्या दवाखान्यातून परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात इशेनकुलला कळले होते की आवारात बोझ-उय लागली आहे. त्याने पाहिले, माझी गाडी नाही, खिडकीत अनिपा रुमाल लावून. तो पांढऱ्या डगल्यातच, तसाच, हात कमरेवर ठेवून निघाला होता.

“अरे माझ्या विद्वाना, माझ्या सरळ रेघे! कुठं गेलास रे केनेश! दीर्घ काय आणि ऱ्हस्व काय, सगळं तुझंच बरोबर होतं रे! तुझ्या अनिपाला मी कडेवर घेऊन दारात पोचवली असती रे, एकदा तोंडानं म्हणाला असतास! नुसते कागद लावलेस रे दारावर, कागद!”

(शोकातही त्याने टोमणा सोडला नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. मला मात्र त्या क्षणी तो टोमणा फार गोड लागला.)

रीत अशी की रडत आलेल्या पुरुषाने घराबाहेर उभ्या असलेल्या रडत्या पुरुषाच्या गळ्यात पडावे. माझ्यासमोर एक रडता पुरुष आला. मी गळ्यात पडलो. त्याच्यासमोर एक आला, तोही पडला. मी त्याच्या खांद्यावर मान ठेवून “भावा, भावा” करत होतो आणि तो माझ्या खांद्यावर. आणि मग, बाइके, माझ्या नाकाला लवंगेच्या तेलाचा वास आला. अख्ख्या बिश्केकमध्ये एकाच माणसाच्या अंगाला तो वास येतो. बहुधा त्याच वेळी त्याच्या नाकाला माझ्या कोटाच्या डांबरगोळ्यांचा वास गेला. दोघांचेही हंबरडे एकदमच थांबले. आम्ही मान वर केली नाही. कारण मान वर केल्यावर पुढे काय करायचे, याची रीत कोणी घालून दिलेली नाही.

तेवढ्यात पेत्रोविचचा आवाज आला: “मग मेलं कोण?”

नमद्याचे दार बाजूला झाले आणि उपोल आपा बाहेर आल्या. त्यांनी सगळ्या आवाराकडे पाहिले. पीठ, साखर, बोरसोक, सारख्या केलेल्या टोप्या, सगळे पाहिले. म्हणाल्या, “मेली असेल तर कसर मेली. नमद्यांना कसर लागली होती, धुरी द्यायला काढलेत. माणूस मेल्याचं कोण म्हणालं?”

कोणीच म्हणाले नव्हते. मी त्या दिवसाचे त्यांचे प्रत्येक वाक्य नंतर आठवून तपासले. एकही असत्य नव्हते. नमद्यांना कसर खरोखरच लागलेली होती, मी स्वतः कोपरा उलटून पाहिला. काळा पोशाख खरा, धूर खरा, झूराच्या डोळ्यांतले पाणी धुराचे. इतक्या माणसांना इतक्या नेमकेपणाने, एकही खोटा शब्द न उच्चारता, एकाच चुकीच्या निष्कर्षावर आणून सोडणे, हे मी जन्मभर शिकवलेल्या कुठल्याही रचनेपेक्षा सुंदर आहे, असे मी लिहून देतो.

मग त्यांनी आम्हा दोघांना आत घेतले. बसायला टायर दिले. एका टायरवर दोघे, रजईवर. मानाची जागा होती, नाही म्हणता येईना. माणसे जाळ्यांना नाके लावून बाहेर उभी. आपा म्हणाल्या, “दोन्ही पक्षांनी साक्षीदारांसमोर, कोणी न विचारता, मोठ्याने, परस्परांचा हक्क मान्य केलेला आहे. रडताना बोललेलं मागे घेता येत नाही. घ्यायचंय का कुणाला?” आम्ही माना हलवल्या. “मग मला निकाल द्यायला काही उरलं नाही. चहा घ्या.” झूराने चहा ओतला. आत मीठ होते.

इशेनकुलने पेल्यात बघत विचारले, “पण आपा, गाडी लावायची कुणी?” आपा म्हणाल्या, “जागा गाडीची कधीच नव्हती. पायांची होती. अनिपा ज्या गाडीतून उतरेल, ती तिथं लागेल. कुणाची, ते माझ्यापुढे आलेलं नाही.”

आणि येथे माझ्या नकाशाचा दिग्विजय झाला, तो मी विनयाने नमूद करतो. अनिपाला मागे बसवत नाही, पाय लांब करावा लागतो. तिने पुढेच बसले पाहिजे. जागेच्या उजवीकडे चर आहे, डावीकडे दार. माझ्या गाडीचे सुकाणू डावीकडे, म्हणजे शेजारी बसणारा उजवीकडे, म्हणजे तो उतरणार थेट चरात. (गाडी उलटी लावावी म्हणाल, तर मागचे चाक झाडाच्या मुळावर चढते. मी करून पाहिले आहे.) इशेनकुलची गाडी जपानी, सुकाणू उजवीकडे. त्याच्या शेजारी बसणारा डावीकडे, दारात, पायरीवर. तात्पर्य, अनिपाला दारात उतरवू शकेल अशी आवारात एकच गाडी आहे, आणि ती इशेनकुलची. हे सर्व माझ्याच नकाशावरून निर्विवाद सिद्ध होते. मी ते तिथेच, टायरवर बसून, सिद्ध करून दाखवले. इशेनकुल म्हणाला, “म्हणजे सहा महिने तू माझीच बाजू मांडत होतास?” मी म्हणालो की भूमिती कोणाची बाजू घेत नाही. तो इतका हसला की जाळी हलली.

तेव्हापासून इशेनकुल अनिपाला व्यायामाला नेतो, झूरा मागे बसते, आणि तिघे परत येतात तेव्हा दारापासून चौथ्या मजल्यापर्यंत मला हशा ऐकू येतो. माझी गाडी आवाराच्या टोकाला, कचऱ्याच्या पेट्यांशेजारी उभी असते. तिथून चालत येताना मला रोज सगळे आवार दिसते, आणि ते मी काढले होते त्यापेक्षा बरे दिसते. बोझ-उय, टायरसकट झाडापलीकडे सरकवलेली, अजून उभी आहे. आपा म्हणतात, कसर चिवट असते. संध्याकाळी सगळे आवार तिथे चहाला जमते. पेत्रोविचने मानाची जागा पटकावली आहे आणि नाव कळल्याशिवाय रडायचे असते कसे, याचा तो कसून अभ्यास करतो आहे.

थोरांस सलाम, लहानांच्या कपाळाचा मुका, कुत्र्यांना हाड. गुरांवर लांडग्याची आणि माणसांवर नातेवाइकांची नजर न पडो, ही सदिच्छा.

आपल्या घरचा जावईपोर,
केनेश

ता. क. १. आता पत्राचे खरे कारण लिहितो. जिवंतपणी ज्यांच्यासाठी हंबरडा फुटला त्यांनी एखाद्या जनावराचे रक्त सांडून अपशकुन उतरवावा, असे झूराचे म्हणणे आहे. मी अशा समजुती मानत नाही. इशेनकुलही मानत नाही. आणि आम्ही दोघेही रात्री नीट झोपत नाही. तेव्हा एक मेंढा पाठवावा. दोघांत एक पुरे, आम्ही एकमेकांसाठी रडलो असल्याने हिशेब आपोआप सामायिक आहे. फार म्हातारा नसावा, इशेनकुलला स्वतःचे दात नाहीत.

ता. क. २. मेंढ्याबरोबर आपण स्वतः यावे, ही तर सर्वांचीच इच्छा. मात्र ट्रक कृपया बाजाराशीच थांबवावा आणि मेंढा चालवत आणावा. आपण वडील मेहुणे आहात. दारापुढे ट्रक लावलात तर आपल्याला कोणी हलवू शकणार नाही, आणि माझ्या नकाशात आपल्यासाठी सदर नाही.

ता. क. ३. (हा वेगळ्या कागदावर, चौघडी घालून. आपण एकट्याने वाचावा. वरचे पत्र सूनबाई सर्वांसमोर मोठ्याने वाचते हे ठाऊक असल्याने ते त्या बेताने लिहिले.)

बोझ-उय आपली आहे. छताच्या कड्याची एक काडी तारेने बांधलेली आहे. ती माझ्या लग्नात, कड्याचा वक्र चुकला आहे हे आपल्याला पटवून देताना, माझ्याच हातून मोडली होती, आणि मीच ती बांधली, वाईट बांधली. चौथ्या मजल्यावरून कडे सरळ खाली दिसते. म्हणजे अनिपाने आपल्याला निरोप धाडला, आपण कसर लागलेले नमदे निवडून ट्रक धाडला, आणि उरलेले आपांनी केले. हे सर्व मला कोट चढवण्यापूर्वी कळले होते. कोणी मेलेले नाही हेही कळले होते. इशेनकुल फाटकाच्या कोपऱ्यावरून वळताना मला खिडकीतून दिसला होता. चांगला चालत होता.

तरी मी गेलो. बाइके, जिवंत माणसाला ‘तुझंच बरोबर होतं’ असे म्हणण्याची सोय आपल्या वाडवडिलांनी केलेली नाही, निदान माझ्यासारख्यांसाठी तरी नाही. मेलेल्यासाठी मात्र सगळी सोय आहे: कोट आहे, हात कुठे ठेवायचे ते ठरलेले आहे, सूर ठरलेला आहे. आपल्या बहिणीने ती सोय माझ्यासाठी तंबूसकट दारात उभी करून दिली. ती न वापरणे हा उद्धटपणा झाला असता. मी फसलो असे तिला वाटते, आणि त्या आनंदात ती स्वयंपाकघरात एकटीच हसत असते. तिला तसेच वाटू द्यावे. त्या सकाळी इशेनकुलला काय ठाऊक होते, हे मी त्याला विचारलेले नाही. तोही मला विचारत नाही.

हा कागद चुलीत घालावा.